तोफांचे नांगर आणि गंगारामचा चहा

होळीच्या आधीची गोष्ट. माझी भाची मुरगूडहून आली ती तोंड पाडूनच. एरवी दारातूनच मावशी चहा टाक म्हणून ओरडणारी पोर गुपचूप येऊन सोफ्यावर बसली. हातात कागदांची फाईल. मी ओळखलं, बँकेतनं आलीय.

मैत्रिणींनो, या पोरीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. लग्नानंतर दोन वर्षं घरात बसली आणि मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हावर चालणारं वाळवणाचं यंत्र बनवायला लागली. यंत्र म्हणजे काय, तर एक मोठी पेटी. खाली काळा पत्रा, वर पारदर्शक झाकण. आतली हवा तापते, ती जाळीच्या ताटांमधनं वर चढते आणि मिरचीतली, हळदीतली ओल घेऊन धुराड्यातनं बाहेर पडते. वीज लागत नाही, गॅस लागत नाही. धूळ नाही, माश्या नाहीत, वळीव आला तरी मिरची भिजत नाही. ढगाळ हवेत मंद चालतं, ते ती स्वतःच गिऱ्हाइकाला आधी सांगते. (धंद्यात एवढं खरं बोलू नये, असं तिच्या सासऱ्यांचं मत आहे.)

तर बँकेतल्या साहेबांनी तिला तीन वर्षांचे हिशेब मागितले. धंदा सुरू होऊन झालेत आठ महिने. मग विचारलं, नवऱ्याच्या नावावर काय आहे? सातबारा? घर? तिनं सांगितलं, यंत्र मी बनवते, कर्ज मी फेडणार, नवऱ्याचं काय विचारता? साहेब हसले आणि फाईल परत दिली. आता दिवाळीपर्यंत बघते, नाही जमलं तर शेडला कुलूप लावून पुण्याला नोकरी धरते, असं तिनं मला सांगितलं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोन मुलींचं काय, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

तिची समजूत काढण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, तोच काय तो माझ्याजवळचा शिधा. भिंतीवर शाहू महाराजांची तसबीर होती. कोल्हापुरात ती कुणाच्या घरात नसते? म्हटलं, बस, तुला आपल्या महाराजांची गोष्ट सांगते. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. वसतिगृहं, आरक्षण, तालीम आणि खासबाग, सगळं शाळेतच ऐकलंय म्हणाली. पण मला सांगायचं होतं ते निराळंच होतं. नवा धंदा काढणाऱ्या माणसाच्या मागं हा राजा कसा उभा राहायचा, ते. येत्या 26 जूनला त्यांची जयंती, म्हणून तुम्हालाही सांगते.

महाराजांचा जन्म 1874 सालचा, कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातला. कागलच्या घाटग्यांचं घराणं, पाळण्यातलं नाव यशवंतराव. आई राधाबाई गेल्या तेव्हा मूल जेमतेम पावणेतीन वर्षांचं. 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं आणि यशवंतरावाचे शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांत वडीलही गेले. पुढं राजकोट, मग धारवाड, असं शिक्षण झालं. 1891 साली बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं आणि 2 एप्रिल 1894 रोजी राज्यकारभार हातात आला. वय वर्षं 19. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला आपण गॅसचा नंबर लावायला पाठवतानाही दोनदा विचार करतो.

आणि कारभार हातात आल्या आल्या काय वाढून ठेवलं होतं, तर 1896 चा दुष्काळ, त्याच्या पाठोपाठ प्लेग. स्वस्त धान्याची दुकानं काढली, दुष्काळी कामं काढली, हे तर कुठलाही चांगला राजा करील. पण त्या कामांवर येणाऱ्या बायांची तान्ही पोरं सांभाळायला महाराजांनी शिशुगृहं काढली, हे मला फार मोठं वाटतं. सव्वाशे वर्षांपूर्वी! आजही ऊसतोडीच्या फडात पाचटावर लुगड्याच्या झोळीत झोपलेली पोरं आपण बघतोच की. बाई कामाला येणार म्हणजे तिच्यासोबत तिचं मूल येणार, एवढी साधी गोष्ट त्या विशीतल्या माणसाला कळली होती.

दुष्काळानं त्यांना पाण्याचा ध्यास लावला. 1902 साली ते इंग्लंडला जाऊन आले, त्याच साली संस्थानाचं पाटबंधाऱ्याचं धोरण ठरलं. कुठं किती विहिरी, कुठं किती तळी, याची पाहणी सुरू झाली. आणि मग भोगावती नदी अडवायचा विचार पुढं आला. आता विचार करा, एक छोटं संस्थान, तिजोरी तोलूनमापून, आणि एवढं मोठं धरण बांधायचं. 1909 च्या सुमाराला काम सुरू झालं. जवळ नवी वसाहत केली, तिला लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं, राधानगरी. तलावाला नाव दिलं राणीसाहेबांचं, महाराणी लक्ष्मीबाई तलाव. आमच्या कोल्हापूरच्या नळाला, उसाला, चुलीवरच्या आधणाला जे पाणी येतं त्याच्या मुळाशी अशा घरातल्या दोन बायकांची नावं आहेत.

पण काम रखडलं. पहिलं महायुद्ध आलं, महागाई वाढली, पैसा पुरेना. 1918 च्या सुमाराला अर्धवट भिंत तशीच सोडावी लागली. महाराजांच्या हयातीत वीज सोडाच, पाणीही पुरतं अडलं नाही. पुढं राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली पुन्हा काम हाती घेतलं गेलं आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची 1950 ची दशकं उजाडली. त्याच दशकात धरणाच्या पायथ्याशी वीजघर आलं. चार संच, मिळून 4.8 मेगावॅट. आजच्या मानानं फार नव्हे. पण यातली गंमत बघा, उंचावरचं पाणी खाली येताना चाक फिरवतं, वीज देतं आणि तेच पाणी पुढं शेताला जातं. कोळसा नाही, धूर नाही, राख नाही. एकच पाणी दोन कामं करतं, जशी आपली आजी एका चुलीवर भाकरी आणि वैलावर आमटी करायची. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात आपोआप उघडतात तेव्हा ते बघायला आपण सगळे भजी बांधून घेऊन जातो. पण ही भिंत अर्ध्यावर उभी असताना एकवीसेक वर्षं तिच्याकडे बघून लोक काय म्हणत असतील, याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. पैसा फुकट घालवला, असंच म्हणाले असतील ना?

त्याच काळात घाटाच्या वरच्या अंगाला, लोणावळ्याकडे, टाटांचं पाण्यावरच्या विजेचं काम चाललं होतं. जमशेटजींचं स्वप्न, पण ते 1904 सालीच वारले होते. मुलांनी ते पुढं नेलं. लंडनमधून भांडवल उभं राहीना, तेव्हा ते इथल्याच संस्थानिकांकडून आणि व्यापाऱ्यांकडून उभं केलं आणि 1915 साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. सांगायचं इतकंच की, नव्या गोष्टीवर आधी कुणीतरी पैसा लावावा लागतो आणि तो लावणाऱ्याला फळ दिसेलच असं नसतं.

महाराजांचे सगळेच प्रयोग काही साधले नाहीत. पन्हाळ्यावर त्यांनी चहा-कॉफीची लागवड करून पाहिली. आज पन्हाळ्यावर गेलात तर चहाचे मळे दिसत नाहीत, टपरीवरचा चहा तेवढा मिळतो. 1906 साली शाहू मिलची स्थापना झाली, तिनं पुढं हजारो घरांच्या चुली पेटवल्या. आता गिरणी बंद होऊन वर्षं लोटली. उलट 1895 ला वसवलेली शाहूपुरी बघा. गुळाची पेठ व्हावी म्हणून व्यापाऱ्यांना बोलावून बसवलं आणि कोल्हापुरी गूळ देशभर गेला. एक फसलं म्हणून दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी केलं नाही. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, राजा होता, त्याला कोण हिशेब मागणार? बरोबर आहे तिचं. राजाची तिजोरी आणि लोकशाहीतली तिजोरी यांत फरक असायलाच हवा. आजचा बँकवाला लोकांच्या ठेवी सांभाळतो, त्यानं डोळे मिटून पैसे वाटावेत असं मीही म्हणणार नाही. पण महाराजांनी नुसते पैसेच दिले असते, तर मी ही गोष्ट सांगायलाच बसले नसते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. त्यांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो हातात धरेनात. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत! औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना माळरानावर जागा दिली, कर्ज दिलं आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. जरा कुठं नांगर खपायला लागले, तोवर युद्ध पेटलं आणि लोखंड मिळेनासं झालं. कारखाना आहे, कारागीर आहेत, गिऱ्हाईकही आहे आणि माल नाही. अशा वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी काय केलं असेल? संस्थानातल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना देऊन टाकल्या. वितळवा म्हणाले आणि नांगर करा.

छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसानं हे केलं, हे लक्षात घ्या. तोफ म्हणजे नुसतं लोखंड नव्हे, तो घराण्याचा मान. आपण आजीचं पितळी घंगाळ मोडीत घालताना रडतो. शिवाय किर्लोस्कर काही त्यांच्या संस्थानातले नव्हेत, कारखाना दुसऱ्या राजाच्या हद्दीत. तरी दिल्या. नांगर चालला तर आपल्याच शेतकऱ्याच्या रानात चालणार, एवढाच त्यांचा हिशेब असणार. मला विचाराल तर लाखभर रुपयांच्या कर्जापेक्षा ही मदत मोलाची होती, कारण अडलं होतं नेमकं तिथंच ती पोचली.

बाबूराव पेंटरांचंही तसंच. या माणसाला सिनेमा काढायचा होता आणि त्यासाठी कॅमेरा घरीच बनवायचा होता. वेडच की! त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला सुरुवातीचे पैसे कुणी दिले, माहीत आहे? तानीबाई कागलकर या गायिकेनं. एका बाईच्या गळ्यानं कमावलेल्या पैशावर कोल्हापूरचा सिनेमा उभा राहिला, हे आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. आणि महाराजांनी कंपनीला जागा दिली, विजेसाठी जनरेटर दिला. 1920 साली सैरंध्री पडद्यावर आला. तिथंही बघा, थैली फेकून मोकळं व्हायचं नाही, वीज अडलीय ना, मग वीज द्यायची.

आता माझी सगळ्यांत आवडती गोष्ट, गंगाराम कांबळ्यांची. गंगाराम महाराजांच्या पागेत कामाला. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला इतरांनी बेदम मारलं. महाराजांना कळलं तेव्हा मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामला सांगितलं की नोकरी सोड आणि स्वतःचा धंदा काढ. पैशाची मदत केली. गंगारामनं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, सत्यसुधारक नावाचं. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम आणि गिऱ्हाईक? कुणी फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार?

मग महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबायला लागली. गाडीतनंच हाळी द्यायचे, चहा मागवायचे आणि भर रस्त्यात प्यायचे. बरोबर दरबारची मंडळी असायची, त्यांच्याही हातात कपबशी जायची. राजा पितोय म्हटल्यावर नको कोण म्हणणार? कुणाला कसल्या कागदावर सही पाहिजे असली तर गंगारामच्या हॉटेलात या म्हणायचे. आला तो चहा पिऊनच गेला. पुढं सोडावॉटरचं यंत्रही त्याला घेऊन दिलं.

मी शाळेत ही गोष्ट दरवर्षी सांगत होते, ती अस्पृश्यता निवारण या धड्याखाली. ती आहेच तशी, आणि तेच तिचं खरं मोल. पण त्या दिवशी भाचीसमोर सांगताना मला ती पहिल्यांदा दुकानदाराच्या बाजूनं दिसली. गंगारामला भांडवल मिळालं होतं. तरी तो बुडाला असता. त्याला पहिलं गिऱ्हाईक पाहिजे होतं. असं गिऱ्हाईक, की ज्याच्याकडे बघून दुसऱ्याला यावंसं वाटेल. ते काम महाराजांनी स्वतः, रोजच्या रस्त्यावर थांबून केलं.

आज आपल्या देशानं 2070 पर्यंत नेट झिरो गाठायचं जाहीर केलंय, 2021 साली ग्लासगोच्या परिषदेत. म्हणजे जेवढा घातक वायू आपण हवेत सोडू तेवढाच परत शोषला जाईल, वर शिल्लक काही राहणार नाही. आपल्या राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, तेव्हा हा पल्ला लांबचा आहे. तो गाठायला मोठे सौर प्रकल्प लागतील, तसे गावोगावचे लहान कारखानेही लागतील: गोबर गॅसवाले, उसाच्या चिपाडाच्या विटा करणारे, सौर पंप दुरुस्त करणारे, माझ्या भाचीसारखे. सरकारी योजना आहेत, नाही असं नाही. 2015 पासून मुद्रा कर्ज आहे, तेही विनातारण. महिलांच्या स्टार्टअपसाठी 2024 साली राज्य सरकारनं अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं 25 लाखांपर्यंतची योजना काढली. पण तिच्यात धंदा आधी वर्षभर चाललेला आणि वर्षाची उलाढाल 10 लाखांची हवी. 10 लाखांचा माल घेणार कोण, तिथंच तर घोडं पेंड खातंय!

आणि पहिलं गिऱ्हाईक मोठं मिळालं तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी आपल्या घरात बघितलंय. एलईडीचा बल्ब आठवा. 2014 मध्ये सरकारनं घाऊक खरेदी सुरू केली तेव्हा एका बल्बचा भाव 300 रुपयांच्या वर होता. लाखो, मग कोटींनी बल्ब घ्यायला लागले आणि दोन-तीन वर्षांत तो 40 च्या खाली आला. बनवणाऱ्याला हमी मिळाली की एवढे खपणार आहेत, म्हणून त्यानं कारखाना वाढवला. आश्रमशाळांना, वसतिगृहांना, अंगणवाड्यांना लागणारी वाळवलेली भाजी, मसाला अशा यंत्रांतनं घ्यायचा, असं एखाद्या जिल्ह्यानं ठरवलं तर? मी आपली शिक्षिका, पण एवढं मलाही कळतं.

महाराजांचं पुढचं थोडक्यात सांगते. 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्याच साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. बायकोला छळणाऱ्यांविरुद्ध 1919 साली कायदा केला. 1918 मध्ये धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत गेला. घरात कोवळ्या वयाची विधवा सून, इंदुमतीदेवी. चारचौघांचा विरोध पत्करून तिला सोनतळीला शिकवलं. बापाच्या काळजाला किती घरं पडली असतील, तरी सुनेच्या हातात पुस्तक दिलं. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराज गेले. वय 48 देखील पुरं नव्हतं. भोगावतीवरची भिंत तेव्हा अर्धवटच होती.

गोष्ट संपली तेव्हा चहा निवून गेला होता. भाचीनं फार काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, की गंगारामच्या हॉटेलात महाराजांनी चहाचे पैसे दिले असतील का? मला हसू आलं. दिले असणार, फुकट पिणाऱ्यानं का कुणाचा धंदा उभा राहतो?

ती गेली आणि मला रात्रभर झोप नाही. तिला एवढं पाल्हाळ लावलं आणि मी स्वतः अजून तिचं यंत्र घेतलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या भिशीत विषय काढला. यंत्राची किंमत 18 हजार. आम्ही 12 जणी. दीड-दीड हजार पडत होते. एकीनं नाक मुरडलं, गच्चीवर ऊन फुकट असताना पेटीला पैसे कशाला? दुसरीनं मागच्या वळवात वाया गेलेल्या सहा किलो मिरचीचा हिशेब काढला. शेवटी अकरा जणी तयार झाल्या, बाराव्या वाट्याचे मी घातले.

एप्रिलमध्ये यंत्र आमच्या गच्चीवर आलं. बसवायला भाची स्वतः आली, सोबत त्या दोन मुली. मेच्या पहिल्या आठवड्यात 20 किलो संकेश्वरी मिरची आणली, देठं काढायला सगळ्या जमल्या, ठसक्यानं नुसता कहर. ताटं भरून आत सरकवली. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं, सोसाट्याचा वारा सुटला. नाक मुरडणारी ती शेजारीण सवयीनं पदर खोचून, मिरची भिजली गं बायांनो, म्हणत जिन्यावरनं वर धावली. पाऊस धो धो कोसळत होता. पाच मिनिटांनी ती नखशिखांत भिजून खाली आली आणि पायरीवर बसून हसायलाच लागली.

चटणी डंकावर कुटून आणलीय. शेजारणीच्या मुरगूडच्या बहिणीनं दोन यंत्रं सांगितलीत. बँकेत आम्ही पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत, या खेपेला मीही बरोबर आहे.